वाचकांचे प्रश्न : आफ्रिकेतल्या युद्धांचा हिशेब कसा ठेवतात?

आफ्रिकेतील सशस्त्र संघर्षांबद्दल आलेल्या बहुतेक पत्रांत एकच शंका आहे: बातमीतला मृतांचा आकडा येतो कुठून आणि त्यावर किती भिस्त ठेवायची? निवडक प्रश्नांची उत्तरे इथे देत आहोत.

प्रश्न : मालीतल्या मौरा गावात मार्च 2022 मध्ये किती माणसे मारली गेली? एका ठिकाणी 203 वाचले, दुसरीकडे 500. खरे काय धरायचे?
– राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : 203 हा मालीच्या लष्कराचा आकडा. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ते सगळे दहशतवादी होते. 500 हा संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने मे 2023 मध्ये दिलेला किमान आकडा. त्यात सुमारे 20 बायका आणि 7 मुले आहेत. तपास पथकाला मौरात पाऊल ठेवू दिले नव्हते. त्यामुळे वाचलेल्यांच्या मुलाखती, न्यायवैद्यक माहिती आणि उपग्रह चित्रे यांच्या आधारे त्यांनी तो काढला. आम्ही दुसऱ्या आकड्याच्या बाजूचे आहोत, कारण तो कसा काढला हे सांगितलेले आहे. पहिल्यामागे फक्त निवेदन आहे.

पण नोंद ठेवणाऱ्यापुढे याहून अवघड प्रश्न असतो. 27 मार्चला रविवार होता, मौराचा आठवडी बाजार भरलेला. मालीच्या लष्कराची हेलिकॉप्टर आली, गोळीबार झाला आणि 31 मार्चपर्यंत गाव वेढलेले राहिले. पकडलेल्या माणसांना पुढच्या दिवसांत मारण्यात आले. ही 'चकमक' की 'नागरिकांवरील हिंसा'? आणि ही घटना एक की पाच?

अ‍ॅक्लेड ही नोंदसंस्था आफ्रिकेतल्या घटना 1997 पासून मांडते. तिचा नियम असा: एक दिवस, एक जागा, एक प्रकार म्हणजे एक ओळ. पाच दिवस चाललेला प्रकार पाच ओळींत मोडतो आणि मृतांची बेरीज त्या ओळींत वाटली जाते. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाची नोंद प्रत्येक घटनेला तीन आकडे देते: किमान, सर्वांत विश्वासार्ह आणि कमाल. शिवाय उप्सालाच्या यादीत एखादा संघर्ष यायचा तर त्यात वर्षाला किमान 25 माणसे मेलेली असावी लागतात. अ‍ॅक्लेडला असा उंबरठा नाही. तिच्या तक्त्यात एकही मृत्यू नसलेला मोर्चासुद्धा एक ओळ असतो. म्हणून 'या देशात वर्षभरात इतक्या हजार घटना' असे वाक्य दिसले की निदर्शने त्यात धरली आहेत का, हे आधी पाहा. नायजेरिया आणि दक्षिण आफ्रिकेत वर्तमानपत्रे भरपूर, तिथे मोर्च्यांच्या ओळींनीच तक्ता फुगतो.

आणखी एक खाचखळगा. बातमीत 'अनेक ठार' एवढेच असेल तर अ‍ॅक्लेडच्या पद्धतीत युद्धक्षेत्रात 10 आणि एरवी 3 असा ठरावीक आकडा टाकतात. 'डझनावारी' म्हटले तर 12, 'शेकडो' म्हटले तर 100. तक्त्यात 10 चे पीक का आले आहे, याचे उत्तर यात आहे. सरासरी काढण्याआधी या ओळी वेगळ्या करून पाहा.

आकडा वाढत जातो, हेही ध्यानात असू द्या. सोमालियाच्या मोगादिशू शहरात 14 ऑक्टोबर 2017 ला ट्रकबॉम्ब फुटला तेव्हा पहिल्या दिवसांत तीनशेच्या आतबाहेर मृत सांगितले जात होते. शोध समितीने मार्च 2018 मध्ये 587 वर बेरीज थांबवली. ज्याने पहिल्या आठवड्यातला आकडा लिहून वही मिटली, त्याच्या हिशेबात अडीचशेहून जास्त माणसे नाहीतच.

प्रश्न : मी निवृत्त सांख्यिकी अधिकारी आहे. एखाद्या भागाची नोंद स्वतः ठेवून पाहायची इच्छा आहे. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : देश घेऊ नका, तालुक्याएवढा भाग घ्या. बुर्किना फासोच्या उत्तरेचा जिबो आणि आसपासचा मुलूख अभ्यासाला चांगला आहे. फेब्रुवारी 2022 पासून जेएनआयएम या अल-कायदाशी निष्ठा सांगणाऱ्या गटाने जिबोची नाकेबंदी केली आहे. त्यामुळे तिथे हल्ले, रसद घेऊन जाणारे ताफे, सुरुंग, अपहरणे असे सगळे प्रकार सापडतात.

साध्या एक्सेलमध्ये हे रकाने आखा: घटनेची तारीख, तारखेची खात्री, गाव, प्रांत, अक्षांश-रेखांश, जागेची खात्री, पहिला पक्ष, दुसरा पक्ष, प्रकार, मृत किमान, मृत कमाल, मृत कोण (नागरिक, सैनिक, बंडखोर), आकडा कोणी सांगितला, स्रोत, जतन केलेला दुवा, टीप, ओळ शेवटची कधी बदलली. 'आकडा कोणी सांगितला' हा रकाना नवखे लोक हमखास गाळतात आणि सहा महिन्यांनी पस्तावतात. स्रोत म्हणजे बातमी देणारे वर्तमानपत्र. सांगणारा म्हणजे त्या बातमीतला सेनाधिकारी, गावकरी किंवा बंडखोरांचे पत्रक. या दोन गोष्टी एकाच रकान्यात कोंबू नका.

खात्रीसाठी 1 ते 3 अंक पुरतात. तारीख नेमकी माहीत असेल तर 1, आठवडा माहीत असेल तर 2, फक्त महिना माहीत असेल तर 3. जागेचेही तसेच: गाव नक्की तर 1, 'अमुक गावाजवळ' तर 2, नुसता प्रांत माहीत असेल तर 3. तिसऱ्या प्रकारच्या नोंदी प्रांताच्या मुख्य शहरावर ठेवण्याची रीत आहे. म्हणून तयार नकाशावर एखाद्या शहरावर ठिपक्यांचा ढीग दिसला तर तिथे रोज लढाई होते असे समजू नका. आधी खात्री 3 च्या ओळी गाळा आणि नकाशा पुन्हा काढा. कित्येकदा चित्रच पालटते.

चुका ठरलेल्या ठिकाणी होतात. पहिली म्हणजे बातमीची तारीख घटनेची म्हणून लिहिणे. साहेलमधली, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यातली बातमी बहुधा दोन-चार दिवस मागाहूनच येते. दुसरी दुबार नोंद. एकच हल्ला वृत्तसंस्थेत, स्थानिक रेडिओवर आणि बंडखोरांच्या पत्रकात तीन वेगळ्या गावांच्या नावाने येतो. दोन ओळींतली जागा दहा किलोमीटरच्या आत, तारीख एका दिवसाच्या फरकाने आणि पक्ष तेच असतील तर त्यांवर 'दुबार?' अशी खूण करा. लगेच पुसू नका, कारण एकाच रात्री शेजारच्या दोन गावांवर हल्ले खरेच होतात. तिसरी चूक नावांची. फ्रेंच, फुलफुल्दे आणि मोरे या भाषांत गावाचे नाव निरनिराळे लिहिले जाते, आणि एकाच नावाची गावेही पुष्कळ. एकच गाव-सूची प्रमाण माना, मूळ स्पेलिंग टिपेत ठेवा आणि अक्षांश-रेखांशालाच गावाची ओळख समजा.

सीमा बदलतात, त्याचाही घोळ होतो. बुर्किना फासोने जुलै 2025 मध्ये 13 प्रदेशांचे 17 आणि 45 प्रांतांचे 47 केले, नावेही बदलली. देशातला साहेल याच नावाचा जुना प्रदेश आता लिप्ताको म्हणवतो आणि जिबो नव्या सूम प्रदेशात गेले. जुन्या-नव्या नावांची सरमिसळ झाली तर 2024 च्या तुलनेत साहेल प्रदेशातली हिंसा एकदम घटल्याचे दिसेल, आणि ते साफ खोटे असेल.

दोन्ही बाजूंचे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. बंडखोरांचे पत्रक मारलेले सैनिक मोजते आणि गावकऱ्यांबद्दल गप्प बसते. लष्कराच्या निवेदनात 'निष्प्रभ केलेले दहशतवादी' असतात, त्यांत कधी कधी शेतकरी निघतात. 24 ऑगस्ट 2024 ला बुर्किना फासोतल्या बारसालोगोजवळ खंदक खणणाऱ्या लोकांवर हल्ला झाला. व्हिडिओंवरून मोजलेले मृत किमान 133 भरले, तर मृतांच्या नातेवाइकांच्या गटाने किमान 400 सांगितले. तुमच्या ओळीत दोन्ही यावेत, एक किमान म्हणून आणि एक कमाल म्हणून. मध्य काढून 266 लिहिणे हा सर्वांत वाईट पर्याय, कारण तो आकडा कोणीच सांगितलेला नाही.

आठवड्यातून एक ठरलेला दिवस आणि दोन-तीन तास द्या. शेवटच्या चार आठवड्यांच्या ओळी कच्च्या समजा आणि त्यांवरून वाढ-घट काढू नका. तीन महिन्यांनी तुमची नोंद अ‍ॅक्लेड व उप्सालाच्या तक्त्याशी ताडून पाहा. फरक जिथे पडतो, तिथेच शिकायला मिळते.

प्रश्न : नकाशावर एखादा भाग महिनोन् महिने कोरा असेल तर तिथे शांतता आहे असे मानावे का?
– इतिहास शिक्षक, बेळगाव

उत्तर : नाही. इथिओपियातल्या तिग्रायमध्ये नोव्हेंबर 2020 मध्ये युद्ध पेटले तेव्हा फोन आणि इंटरनेट बंद करण्यात आले. अक्सुम शहरात त्याच महिन्याच्या अखेरीस एरिट्रियाच्या सैनिकांनी शेकडो माणसे मारली. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलचा सविस्तर अहवाल आला 26 फेब्रुवारी 2021 ला, म्हणजे तीन महिन्यांनी. डिसेंबरचा नकाशा पाहणाऱ्याला ते शहर जवळपास रिकामे दिसले असते. युद्ध थांबवणाऱ्या नोव्हेंबर 2022 च्या प्रिटोरिया करारानंतर आफ्रिकी संघाचे दूत ओलुसेगुन ओबासांजो यांनी या युद्धात सहा लाखांपर्यंत माणसे गेली असावीत असे म्हटले. भूक आणि औषधांवाचून गेलेले जीव घटनांच्या तक्त्यात मुळात येतच नाहीत, त्यामुळे असा आकडा आणि ओळींची बेरीज कधी जुळणार नाही.

यावर उपाय म्हणून नोंदीशेजारी दुसरा तक्ता ठेवा: कोणत्या आठवड्यात त्या भागातून किती वेगवेगळ्या स्रोतांनी बातमी दिली. स्रोत आठावरून दोनवर आले आणि घटनाही कमी झाल्या, तर घटले आहे ते वार्तांकन. बुर्किना फासोने डिसेंबर 2022 मध्ये आरएफआय हा फ्रेंच रेडिओ आणि मार्च 2023 मध्ये फ्रान्स 24 वाहिनी बंद केली, त्या तारखा अशा तक्त्यात ठळक लिहून ठेवाव्यात. उलटही घडते. एखाद्या नोंदसंस्थेला नवा स्थानिक सहकारी मिळाला की त्या महिन्यापासून ओळी वाढतात आणि हिंसा वाढल्याचा भास होतो.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर आफ्रिकेतल्या हत्याकांडाचे म्हणून व्हिडिओ येतात. ते कुठले आणि कधीचे, हे घरबसल्या ओळखता येते का?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : येते, पण चिकाटी लागते. याचा उत्तम नमुना कॅमेरूनचा आहे. जुलै 2018 मध्ये सैनिक दोन बायका आणि दोन लहान मुलांना गोळ्या घालतानाचा व्हिडिओ पसरला. सरकारने तो खोटा म्हटला. बीबीसीच्या आफ्रिका विभागाच्या पत्रकारांनी काही स्वतंत्र अभ्यासकांसह तो चिरफाड करून तपासला.

आधी जागा. चित्रफितीच्या सुरुवातीला मागे डोंगररांग दिसते. तिची कडा, म्हणजे कुठे सुळका, कुठे खिंड, ही उपग्रह नकाशातल्या उंचसखल भूरूपाशी जुळवली आणि देशाच्या सुदूर उत्तरेतले, नायजेरियाच्या सीमेजवळच्या झेलेवेतलगतचे ठिकाण सापडले. मग झाडे, घरे, पायवाटा एकेक करून ताडल्या. त्यानंतर तारीख. व्हिडिओत दिसणारी एक इमारत जुन्या उपग्रह चित्रांत कधी उभी आहे आणि कधी पाडलेली आहे, यावरून वर्षांची मर्यादा आखली. एक पायवाट फक्त कोरड्या दिवसांत उमटते, त्यावरून महिने. शेवटी चालणाऱ्या सैनिकांच्या सावल्या. सावलीची लांबी आणि दिशा यांवरून सूर्याची उंची आणि कोन निघतो. उत्तर आले: 20 मार्च ते 5 एप्रिल 2015. सप्टेंबर 2020 मध्ये कॅमेरूनच्या लष्करी न्यायालयाने चार सैनिकांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

सावलीबाबत एक इशारा. तीच सावली वर्षातून दोनदा पडते, एकदा सूर्य उत्तरेकडे सरकताना आणि एकदा परतताना. म्हणून नुसत्या सावलीवरून महिना सांगू नका; गवत, पीक, नदीचे पाणी अशी दुसरी खूण हवी.

घरी करण्याची रीत अशी. व्हिडिओतली चार-पाच स्पष्ट स्थिरचित्रे काढा आणि उलट चित्रशोधात टाका, म्हणजे चित्र देऊन ते आधी इंटरनेटवर कुठे आले होते ते शोधा. पुष्कळ प्रसारित व्हिडिओ इथेच जुने किंवा दुसऱ्या देशातले निघतात. नंतर पाटी, मोटारीची नंबरप्लेट, गणवेश, मिनार, पाण्याची टाकी, बोलीभाषा यांची यादी करा. चित्र उजवे-डावे उलटे केलेले आहे का, हे पाटीवरची अक्षरे किंवा मोटारीचे स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे त्यावरून कळते. व्हॉट्सअ‍ॅपमधून आलेल्या फाइलीत मूळ तारीख आणि जागेची माहिती उरत नाही, ती शोधत बसू नका. सर्वांत आधी कुठे चढवला गेला तो दुवा शोधा आणि तो लगेच जतन करा, कारण असे व्हिडिओ काढून टाकले जातात.

आवाज बंद ठेवून, लहान चौकटीत आणि काळ्या-पांढऱ्यात पाहा. मनावर चरा उमटवतो तो बहुतेकदा आवाजच. आणि वाचलेल्या माणसाचा चेहरा किंवा लपण्याची जागा तुम्हाला सापडली, तर ती प्रसिद्ध करू नका. तेवढ्यावरून माणूस मारला जाऊ शकतो.

प्रश्न : सुदानच्या दारफूरमध्ये गावे जाळली, हे उपग्रहावरून कसे कळते? वणवाही असू शकतो ना?
– भूगोलाच्या प्राध्यापिका, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : असू शकतो, आणि त्यामुळेच एका साधनावर थांबू नये. नासाची अग्निसूचना सेवा कोणालाही मोफत पाहता येते. व्हिअर्स या उपकरणाचा एक ठिपका 375 मीटरचा असतो आणि उपग्रह स्थानिक वेळेनुसार दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास वरून जातो. गवती छपराचे घर थोड्या वेळात जळून जाते. आग सकाळी आठला लागून दहाला विझली तर ठिपका उमटणारच नाही, आणि ढगांआडचेही दिसत नाही. म्हणून ठिपका नाही यावरून आग लागली नाही असे सिद्ध होत नाही.

ऋतू पाहा. दारफूरमध्ये पाऊस साधारण जून ते सप्टेंबर. त्यानंतर गवत वाळते आणि वणवे, शेत भाजणी सुरू होते. तेव्हाचे ठिपके बहुतांशी साधे असतात. पण भर पावसाळ्यात, हिरव्या रानात, वस्तीच्या नेमक्या जागेवर ठिपका उमटला तर कान टवकारावेत. मग सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाची आधीची आणि नंतरची चित्रे उघडा. तो दर पाच दिवसांनी तीच जागा टिपतो. साध्या रंगांऐवजी 12, 8 आणि 4 क्रमांकांचे प्रकाशलहरींचे पट्टे एकत्र घेतले की जळलेली जमीन वेगळी उठून दिसते. वणव्याचा डाग पसरट असतो आणि तो पायवाटेशी, ओढ्याशी थांबतो. जाळलेल्या गावात घरे आणि कुंपणे काळी पडतात आणि भोवतालचे शिवार जसेच्या तसे राहते. मात्र दहा मीटरच्या चौकटीत एक झोपडी म्हणजे जेमतेम एक ठिपका, त्यामुळे किती घरे जळली हे या चित्रावरून मोजू नका. त्याला 30 ते 50 सेंटिमीटरची विकत मिळणारी चित्रे लागतात.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या मानवतावादी संशोधन प्रयोगशाळेने दारफूरमधल्या अल-फाशेर शहराबाबत हेच केले. मे 2024 पासून वेढलेले ते शहर सुदानच्या लष्कराशी लढणाऱ्या रॅपिड सपोर्ट फोर्सेस या निमलष्करी दलाने 26 ऑक्टोबर 2025 ला घेतले. त्याआधी शहराभोवती उभारला जाणारा मातीचा बांध उपग्रहातून टिपला गेला होता. बाहेर पडायच्या वाटा बुजत चालल्या आहेत, हे जगाला आधी दिसत होते. पाडावानंतर जमिनीवर माणसाच्या लांबीचे आकार आणि लालसर डाग दिसले. ते 'मृतदेहांशी सुसंगत' आहेत, असेच शब्द प्रयोगशाळेने वापरले. तेवढीच सावधगिरी आपल्याही लिहिण्यात असावी.

प्रश्न : मोझाम्बिकमधला अल-शबाब हा सोमालियाचाच ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. काबो देल्गादो प्रांतातले बंड 5 ऑक्टोबर 2017 ला मोसिम्बोआ दा प्रायावरच्या हल्ल्याने उघड झाले. अरबीत 'शबाब' म्हणजे तरुण, आणि स्थानिक लोक त्या पोरांना तेच म्हणू लागले. सोमालियातला गट अल-कायदाचा, हा इस्लामिक स्टेटशी जोडलेला. तक्त्यात दोघांना एकच नाव दिले तर संपूर्ण पूर्व किनारा एकाच संघटनेच्या ताब्यात असल्यासारखा दिसतो. देशाचे नाव जोडूनच लिहा. मार्च 2021 मध्ये या गटाने पाल्मावर हल्ला केला आणि शेजारचा नैसर्गिक वायूचा प्रकल्प चार वर्षांहून अधिक काळ ठप्प झाला. त्यात मुंबईच्या भारत पेट्रोलियमसह भारतीय कंपन्यांचा मिळून 30 टक्के वाटा आहे.

प्रश्न : माझा मुलगा विजेच्या तारा टाकणाऱ्या कंपनीतर्फे मालीला निघाला आहे. धोका किती, हे आम्ही कसे तपासावे?
– एक आई, जळगाव

उत्तर : ताई, 'माली धोकादायक आहे का' असे विचारू नका; कामाची जागा आणि तिथवरचा रस्ता विचारा. 1 जुलै 2025 ला पश्चिमेच्या कायेस भागातल्या सिमेंट कारखान्यातून तीन भारतीयांना पळवले. तो भाग तोवर उत्तर आणि मध्य मालीपेक्षा शांत गणला जाई. नोव्हेंबरमध्ये कोब्रीजवळ विद्युतीकरणाच्या कामावरचे पाच भारतीय उचलले गेले. शेजारच्या नायजरमध्ये दोस्सो भागात 15 जुलै 2025 ला दोन भारतीय मारले गेले, एकाचे अपहरण झाले. तिन्ही ठिकाणे राजधानीबाहेरची. सप्टेंबर 2025 पासून जेएनआयएमने इंधनाचे टँकर अडवले. ऑक्टोबरच्या अखेरीस दोन आठवडे देशभरच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

कंपनीकडून लेखी मागा: कामाच्या जागेचे नेमके ठिकाण, विमानतळापासून तिथे नेण्याची सोय, रोज किती किलोमीटर रस्त्याने जावे लागेल, मुक्कामी पहारा कोणाचा, जनरेटर आणि गाड्यांसाठी किती दिवसांचे इंधन साठवलेले आहे, विम्यात अपहरण येते का, आणि संपर्क तुटल्यास किती तासांनी कोण कोणाला कळवणार. यातल्या एखाद्या प्रश्नावर 'तिकडे गेल्यावर बघू' असे उत्तर मिळाले तर मुलाला थांबवा. मग त्या जागेभोवतीच्या 50 किलोमीटरमधल्या गेल्या 90 दिवसांच्या नोंदी पाहा. मृतांच्या बेरजेपेक्षा अपहरण, रस्त्यावरचा सुरुंग, टँकरवरचा हल्ला आणि मोबाइल मनोरा पाडणे या ओळी तुमच्या कामाच्या. मनोरे पडू लागले की त्या भागातला गटाचा वावर वाढलेला असतो, आणि फोनही लागत नाही.

2025 च्या अखेरची स्थिती पाहता आमचे मत असे, की काम राजधानी बामाकोबाहेर असेल तर स्वीकारू नये. तो निघालाच तर पोचल्याच्या दिवशी बामाकोतल्या भारतीय दूतावासात नाव नोंदवायला सांगा. त्याच्या पासपोर्टची प्रत, कंपनीचे नेमणूकपत्र आणि दूतावासाचा क्रमांक घरात कागदावर लिहून ठेवा. कामाच्या जागेचे किंवा प्रवासाचे फोटो त्याने फेसबुकवर टाकू नयेत, आणि तुम्हीही ते नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरवू नका.